पाय पुढे करून येणारं यान

सिनेमातलं अवकाशयान लढताना गर्रकन वळतं आणि वळताना एका अंगावर कलतं, हे तुम्ही पाहिलंच असेल, बाळांनो. मला ते बघायला फार आवडतं. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधली लढाई रचताना जॉर्ज लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजींच्या फिल्म्स समोर ठेवल्या होत्या. विमान कलतं, कारण हवा त्याच्या पंखांना उचलून धरते. पंख तिरके झाले की हवेचा रेटाही तिरका होतो नि विमानाला वळणाच्या आत ओढतो. अवकाशात हवाच नाही. मग पंखांना रेटणार कोण?

तिथे इंजिन बंद पडलं म्हणून यान थांबतही नाही. कॅरमबोर्डावर पावडर टाकली की स्ट्रायकर कसा सुळकन जातो! तरी तो शेवटी थांबतो, कारण थोडं घर्षण उरतंच. अवकाशात तेवढंही नाही. ‘स्टार वॉर्स’ आला त्याच वर्षी निघालेलं व्हॉयेजर-१ अजून सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललंय, पुढे ढकलणारं इंजिन न पेटवता!

म्हणजे खरी पंचाईत थांबण्याची. त्यासाठी इंजिनाचं तोंड जायच्या दिशेला करून ते पेटवायचं. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी आपलं ‘विक्रम’ चंद्रावर असंच उतरलं. ३० किलोमीटर उंचीवर ते जवळजवळ आडवं, पाय पुढे करून धावत होतं, सेकंदाला १६८० मीटर. तळाची चार इंजिनं पेटली, ज्वाळा पुढच्या बाजूला! पहिल्या साडेअकरा मिनिटांतच बराचसा वेग गेला. यान हळूहळू उभं होत गेलं आणि ६ वाजून ४ मिनिटांनी पाय टेकले.

‘द एक्सपान्स’ मालिकेतली यानंही असंच करतात, म्हणून ती मला जास्त खरी वाटतात. अर्धी वाट वेग वाढवायचा, मग यान उलटं फिरवून उरलेली वाट तो कमी करायचा. पृथ्वीवर पडणाऱ्या दगडाचा वेग ज्या दरानं वाढतो, त्याच दरानं हे केलं, तर साडेपाच कोटी किलोमीटरवरचा मंगळ दोन दिवसांच्या आत येतो. आतल्या माणसांना वजनही घरच्याइतकंच. फक्त फरशी इंजिनाच्या बाजूला हवी. मधल्या टप्प्यावर वेग होतो सेकंदाला सातशे किलोमीटरहून जास्त!

एवढा वेळ जळणारं इंधन नेणारं यान अजून कुणाकडे नाही. आपलं मंगळयान १ डिसेंबर २०१३ला पृथ्वीची कक्षा सोडून निघालं, ते जवळजवळ सगळी वाट इंजिन बंद ठेवूनच गेलं. सुमारे तीनशे दिवस ते मुख्य इंजिन गप्प होतं. ते पुन्हा पेटेल का, ही सगळ्यांना धाकधूक. पोहोचायच्या दोन दिवस आधी ते फक्त ४ सेकंद पेटवून पाहिलं. पेटलं! मग २४ सप्टेंबर २०१४ला यान फिरवून, इंजिन पुढे करून ते पुन्हा पेटवलं, आणि मंगळानं आपलं यान धरून ठेवलं.