प्लास्टर निघाले, तरी पाय लवकर का थकतो?
पायाचे प्लास्टर निघाले की पोटरी बारीक दिसते. पण स्नायू केवळ आकाराने घटत नाही, त्याचा स्वभावही बदलतो. उभे राहताना, चालताना पोटरीतल्या संथ तंतूंना मज्जातंतूंकडून सतत संदेश मिळतात. त्यामुळे पेशीतले कॅल्शियम किंचित वाढलेले राहते, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागे होते आणि एनफॅट हे प्रथिन पेशीकेंद्रकात जाऊन संथ तंतूंची जनुके चालू ठेवते. हालचाल थांबली की हा संदेश क्षीण होतो. मग न थकता काम करणारे संथ तंतू लवकर थकणाऱ्या जलद तंतूंकडे झुकू लागतात. अंतराळवीरांच्या स्नायूंतही असेच आढळले आहे. हा बदल वापराने बराचसा भरून निघतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करावा. सुरुवातीच्या थकव्याने मात्र घाबरू नये.