धातू-ऑक्साइडांवरील वायूंचे अधिशोषण : अवरक्त वर्णपटाची साक्ष

घन पृष्ठभागावर वायू किती बसला, हे तराजूने किंवा दाबमापकाने कळते. तो कोणत्या रूपाने बसला, हे त्यांवरून कळत नाही. उत्प्रेरणात मात्र याच गोष्टीला महत्त्व आहे. रेणूतील बंधांची कंपने अवरक्त प्रारण शोषून घेतात, आणि बंधाचे बळ बदलले की शोषणपट्टही सरकतो. मुक्त कार्बन मोनॉक्साइडचे कंपन 2143 प्रति सेंमी. येथे आढळते. हाच रेणू टिटॅनियमच्या धन आयनावर बसला की पट्ट वर, 2200 च्या आसपास जातो. रुथेनियम धातूवर बसल्यास धातूतील इलेक्ट्रॉन रेणूकडे ओढले जाऊन बंध शिथिल होतो व पट्ट 2100 च्या खाली उतरतो.

1963 मध्ये पॅरी यांनी पिरिडीनचा असाच उपयोग केला. ऑक्साइडाच्या ल्यूइस अम्लस्थानी ते 1450 जवळ पट्ट देते, तर प्रोटॉन देणाऱ्या स्थानी 1540 जवळ. अम्लाचे हे दोन प्रकार साध्या अनुमापनाने वेगळे होत नाहीत.

प्रयोगासाठी चूर्ण दाबून पातळ चकती करतात, ती निर्वातात तापवतात व मग वायू सोडतात. तापवण्यात हयगय झाली की हवेतील बाष्पाचा 1640 जवळचा पट्ट सारे झाकून टाकतो. कोकणच्या पावसाळ्यात तर हे ठरलेलेच! शिवाय अ‍ॅल्युमिना सुमारे 1000 च्या खाली स्वतःच अपारदर्शक असल्याने वायू व पृष्ठभाग यांमधील बंध बहुधा प्रत्यक्ष दिसत नाही. त्याचे अनुमान रेणूत झालेल्या फरकावरूनच करावे लागते.

खरी अडचण याच्याही पुढे आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात एन. एम. गुप्ता व सहकाऱ्यांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइडवर पसरलेल्या रुथेनियमवरील कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन यांचा अभ्यास या पद्धतीने केला. तो 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा उत्प्रेरकावर धातूला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्साइडावरील फॉर्मेट असे दोन्ही आढळू शकतात. मिथेन यांपैकी कोणापासून बनतो? पट्ट ठळक आहे एवढ्याने निवाडा होत नाही. चिवटपणे टिकणारा पट्ट कित्येकदा विक्रियेत भागच न घेणाऱ्या रेणूचा असतो. म्हणून विक्रिया चालू असतानाच वायूतील साधा कार्बन बदलून कार्बन-13 देतात. त्याच्या अधिक वजनामुळे पट्ट खाली सरकतो (मुक्त कार्बन मोनॉक्साइडचा 2096 वर येतो). ज्याचे सरकणे नव्या मिथेनच्या वेगाशी जुळते, तो रेणू विक्रियेच्या वाटेवर असण्याचा संभव. जो मागे रेंगाळतो, तो केवळ प्रेक्षक.