जुना कर्नेल, नवा कंपायलर

संचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, सी भाषेतील हजारो फाइलींतून बांधला जातो; कंपायलर प्रत्येक फाइलीचे स्वतंत्रपणे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर ते तुकडे एकत्र जोडतो. जीसीसी या कंपायलरची 10वी आवृत्ती मे 2020मध्ये आल्यानंतर लिनक्सच्या जुन्या कर्नेलची एआरएम प्रोसेसरसाठीची बांधणी ‘वायवायलॉक’ या नावाची व्याख्या दोनदा झाल्याची तक्रार करून थांबू लागली, आणि तीही मूळ संहितेतील एक अक्षरसुद्धा बदललेले नसताना.

तक्रारीचे मूळ कर्नेलमध्ये नव्हतेच. ते होते डीटीसी या साहाय्यक प्रोग्रॅममध्ये, जो यंत्रावरील उपकरणांचे वर्णन कर्नेलला वाचता येईल अशा रूपात आणतो आणि त्यासाठी बांधणाऱ्याच्याच संगणकावर आधी तयार केला जातो. त्याच्या दोन फाइलींत ‘वायवायलॉक’ हे एकच चल स्वतंत्रपणे लिहिलेले होते. आरंभीचे मूल्य न दिलेली अशी जागतिक चले पूर्वीचा कंपायलर एका सामाईक विभागात टाकत असे आणि लिंकर ती निमूटपणे एक करीत असे. नव्या आवृत्तीने ही सवलत पूर्वनिर्धारित वर्तनातून काढून टाकली. दोष जुनाच, तो झाकणारा उदारपणा तेवढा संपला.

अनेक फाइली एकाच वेळी रूपांतरित करणाऱ्या समांतर बांधणीत पडद्यावरची शेवटची ओळ बहुधा दिशाभूल करते, म्हणून पहिली त्रुटी शोधावी लागते. दुरुस्ती मात्र एक अनावश्यक ओळ खोडण्याइतकीच होती. संहितेला हात लावायचा नसल्यास साहाय्यक प्रोग्रॅमपुरता ‘एफकॉमन’ हा पर्याय देऊन कंपायलरला जुन्या वळणावर नेता येते.