जमैकाचा ओळखपत्राचा खटला

कॅरिबियन समुद्रातील जमैका या द्वीपराष्ट्राने २०१७ साली असा कायदा केला, की त्यान्वये प्रत्येक रहिवाशाने आपली शारीरिक ओळख, बोटांच्या ठशांसह, सरकारदफ्तरी नोंदविणे सक्तीचे, आणि त्यात कसूर करणे हा फौजदारी गुन्हा! विरोधी पक्षाचे खासदार ज्यूलियन रॉबिन्सन यांनी दाद मागितली, तेव्हा सरन्यायाधीश ब्रायन साइक्स यांच्यासह तिघा न्यायमूर्तींनी एप्रिल २०१९ मध्ये तो समूळ रद्दबातल ठरविला. आणि आपल्या वाचकांना विशेष कुतूहल वाटावे ते असे, की त्या निकालपत्रात आपल्या 'आधार' खटल्यातील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या, मायदेशी अल्पमतात राहिलेल्या, युक्तिवादाला मोठेच वजन दिलेले आहे. पुढे संसदेच्या संयुक्त समितीने नागरिक-संघटनांची निवेदने ऐकून घेतली आणि २०२१ चा नवा कायदा, नोंदणी ऐच्छिक ठेवूनच, संमत झाला.