मंगादेशाची वाट : ओकायामाचा थांबा

टोकियो, क्योटो आणि ओसाका या तीन शहरांभोवती परदेशी प्रवाशांच्या बहुतेक कार्यक्रमपत्रिका आखलेल्या असतात; त्यांपैकी ओसाकापासून शिंकानसेनने, म्हणजे जपानच्या अतिवेगवान रेल्वेने, पश्चिमेकडे जेमतेम पाऊण तास गेल्यावर ओकायामा हे शहर लागते. पुण्यातून निघणाऱ्या ॲनिमे-मंगाप्रेमींच्या गटाने या शहरात उतरावे, किमान एक रात्र राहावे आणि तेथून उत्तरेकडची गाडी पकडावी, असे या भागाचे प्रतिपादन आहे. टोकियोतील अकिहाबाराच्या दुकानांइतके प्रसिद्ध असे ओकायामात काही नाही. तरीही मंगा आणि ॲनिमे यांच्या इतिहासातील काही महत्त्वाचे धागे या शहरापाशी येऊन मिळतात, आणि पुण्याशी त्याचे नाते आधीपासूनचे आहे.

या भागासाठी शाकाहारी प्रवाशाच्या जेवणाचा विषय ठरलेला होता. तो एक आठवडा पुढे ढकलण्यास सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचक भगिनींची पृच्छा कारणीभूत आहे. मुलगी ॲनिमेसाठी जपानला निघाली आहे, आईवडिलांना तिच्यासोबत जायचे आहे. मात्र ‘आमच्या बागेची मूळ बाग’ पाहणे हा त्या दोघांचा हेतू आहे, तेव्हा या दोन्ही गोष्टी एका सहलीत बसतील काय, असे त्यांनी विचारले आहे. पुण्यातील गटांत असा पेच वारंवार उद्भवतो, कारण विशीतील चाहत्यांना घरून एकटे पाठवण्याऐवजी निम्मे घरच सोबत निघते आणि मग कार्यक्रमाची ओढाताण सुरू होते.

त्यांचा निर्देश अर्थातच पु. ल. देशपांडे उद्यानाकडे आहे. पुणे-ओकायामा मैत्रीचे प्रतीक म्हणून २००६ मध्ये खुले झालेले हे उद्यान सुमारे १० एकरांवर पसरलेले असून त्याची रचना ओकायामातील कोराकुएन या उद्यानावरून स्फुरलेली आहे. कोराकुएनची उभारणी त्या प्रांताचा सरंजामदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेने १६८७ मध्ये सुरू झाली आणि १७०० मध्ये ती पूर्णत्वास गेली. कानाझावाचे केनरोकुएन आणि मितोचे काइराकुएन यांच्यासह जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत त्याची गणना होते. जपानी उद्यानांत सहसा न आढळणारी विस्तीर्ण हिरवळ, मधून वळणे घेत जाणारा प्रवाह, चहाचे आणि भाताचे छोटे तुकडे, आणि नदीपलीकडे काळ्या भिंतींचा ओकायामा किल्ला असा हा सारा परिसर पाहण्यास दोन-अडीच तास पुरतात. पुण्याच्या उद्यानात नित्य फिरणाऱ्यास येथे कितीतरी गोष्टी ओळखीच्या वाटतील. त्या दोन तासांत आईवडिलांचे समाधान होईल आणि, हे विशेष, मुलीचा दिवसही वाया जाणार नाही.

याचे कारण ओकायामा स्थानकासमोरच पुतळ्याच्या रूपाने उभे आहे. मोमोतारो, म्हणजे पीचच्या फळातून जन्मलेला आणि कुत्रा, माकड व तितर जातीचा पक्षी यांना सोबत घेऊन राक्षसांच्या बेटावर चालून जाणारा बालवीर, ही जपानमधील सर्वांत परिचित लोककथांपैकी एक असून ओकायामा परिसराने तिला आपली मानले आहे. प्राण्यांना त्याने वाटलेले किबीदांगो हे मऊ, गोड गोळे शहरात सर्वत्र विकले जातात. चिकट तांदळाचे पीठ आणि साखर हे त्यांतील मुख्य घटक असल्याने पुढील आठवड्याच्या यादीत त्यांना स्थान मिळेल. आज प्रश्न चित्रपटाचा आहे. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट याच मोमोतारोवर आहे. सेओ मित्सुयो यांनी दिग्दर्शित केलेला हा ७४ मिनिटांचा चित्रपट जपानी नौदलाच्या आश्रयाने तयार झाला आणि एप्रिल १९४५ मध्ये, म्हणजे शरणागतीला चार महिने उरले असताना, प्रदर्शित झाला. त्यात मोमोतारो नौदलाचा सेनानी आहे, प्राणी त्याचे सैनिक आहेत, आणि दक्षिणेकडील एका बेटावरील गोऱ्या सत्ताधीशांना शिंगे दाखवली आहेत. बेटावरील प्राण्यांना जपानी मुळाक्षरे गाण्यातून शिकवण्याचा त्यातील प्रसंग चित्रणाच्या दृष्टीने अप्रतिम आणि आशयाच्या दृष्टीने अस्वस्थ करणारा आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात तीच मुळाक्षरे स्वेच्छेने गिरवलेल्या पुणेकर विद्यार्थ्याने तो निघण्यापूर्वी अवश्य पाहावा. युद्धोत्तर काळात नष्ट झाली असे समजली गेलेली या चित्रपटाची प्रत पुढे १९८० च्या दशकात निर्मितीसंस्थेच्या गोदामात सापडली.

एप्रिल १९४५ मध्ये ओसाकातील एका चित्रपटगृहात हा चित्रपट पाहणाऱ्यांत तेझुका ओसामू हा १६ वर्षांचा मुलगा होता. प्रचाराचे कवच भेदून आतली कोवळीक त्याला जाणवली, आणि आपणही कधीतरी असा चित्रपट करायचा असे त्याने तेव्हाच ठरवल्याचे त्याच्या आठवणींत नमूद आहे. या तेझुकांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या मालिकेने १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक ॲनिमेचा पाया घातला. (सिंहगड रस्त्यावरील उद्यानाला ज्यांचे नाव आहे त्या पुलंचे ‘पूर्वरंग’ हे जपानसह पूर्वेकडील देशांचे प्रवासवर्णन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले; योगायोगापलीकडे यात काही शोधू नये.) गौतम बुद्धाच्या चरित्रावर १९७२ ते १९८३ या काळात तेझुकांनी रचलेली दीर्घ मंगा भारतीय वाचकांना ठाऊक असते, आणि ताकाराझुका या त्यांच्या बालपणीच्या गावी १९९४ पासून असलेले त्यांचे संग्रहालय ओसाकाहून अर्ध्या दिवसात पाहता येते. तेव्हा ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी ओकायामा आणि ताकाराझुका ही दोन ठिकाणे एकामागोमाग घ्यावीत.

मात्र गटातील तरुणांना ओकायामाचे आकर्षण वेगळ्याच कारणाने वाटेल. ‘नारुतो’चे निर्माते किशिमोतो मासाशी यांचा जन्म १९७४ मध्ये ओकायामा प्रांताच्या ईशान्येकडील नागी या डोंगरपायथ्याच्या लहान गावी झाला, १९९९ पासून २०१४ पर्यंत साप्ताहिकात ७०० प्रकरणे चाललेली आणि ७२ खंडांत ग्रथित झालेली ही मंगा पुण्यातील एका संपूर्ण पिढीने वाचली वा पाहिली आहे. तरीही नागीला संपूर्ण गट नेण्याची शिफारस करता येत नाही. गावात जाण्यासाठी त्सुयामापर्यंत रेल्वे आणि पुढे बस असा प्रवास करावा लागतो, बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत, आणि तेथे पोहोचल्यावर पाहण्यासारखी मुख्य वास्तू म्हणजे वास्तुविशारद इसोझाकी आराता यांनी उभारलेले १९९४ चे समकालीन कलासंग्रहालय होय, ज्याचा नारुतोशी काही संबंध नाही. ज्यांना निन्जांचे खेळ आणि भव्य शिल्पे हवी आहेत त्यांच्यासाठी आवाजी बेटावरील निजिगेन नो मोरी या उद्यानातील नारुतो विभाग अधिक योग्य ठरेल. नागी फक्त त्या दोघा-तिघांसाठी आहे, ज्यांना डोंगराच्या कुशीत वसलेले गाव पाहून ‘नारुतो’तील कोनोहा हे गाव कोठून आले असेल याचा अंदाज बांधत बसणे आवडते. आणि असे दोघे-तिघे प्रत्येक गटात असतातच.

आता उत्तरेकडची गाडी. ओकायामाहून ‘याकुमो’ ही लिमिटेड एक्स्प्रेस, म्हणजे मोजकेच थांबे घेणारी जलद गाडी, साधारण दर तासाला सुटते आणि चुगोकू पर्वतरांग ओलांडून सुमारे सव्वादोन तासांत जपान समुद्राकाठच्या योनागोला पोहोचते. वळणांवर कलणाऱ्या जुन्या डब्यांमुळे ही गाडी मळमळीसाठी कुप्रसिद्ध होती. एप्रिल २०२४ पासून आलेल्या नव्या गाड्यांत कलण्याची यंत्रणा सुधारली आहे, तथापि ताम्हिणी घाटात ज्यांना खिडकी लागते त्यांनी गोळी जवळ ठेवावी. सर्व आसने आरक्षित असल्याने गटाने जागा आधी धरून ठेवणे आवश्यक आहे.

योनागो ज्या तोत्तोरी प्रांतात आहे तो लोकसंख्येने जपानचा सर्वांत लहान प्रांत असून त्याने मंगाला आपल्या पर्यटनाचा आधार केले आहे. योनागो स्थानकाच्या शून्य क्रमांकाच्या फलाटावरून साकाइमिनातोला जाणाऱ्या शाखामार्गावर ‘गेगेगे नो कितारो’ या मंगामालिकेतील पात्रांनी रंगवलेल्या गाड्या धावतात, आणि १८ किलोमीटरांच्या या मार्गावरील प्रत्येक स्थानकाला एकेका योकाइचे टोपणनाव दिलेले आहे. योकाइ म्हणजे जपानी लोकसमजुतीतील भुते, पिशाच्चे, जिवंत झालेल्या वस्तू आणि रानावनांतील चमत्कारिक जीव यांचा सारा गोतावळा. त्याला आधुनिक काळात चेहरा दिला तो मिझुकी शिगेरू यांनी. १९२२ मध्ये जन्मलेल्या आणि साकाइमिनातोत वाढलेल्या मिझुकींना या भुतांची ओळख बालपणी शेजारच्या एका वृद्ध बाईने करून दिली. पुढे सैन्यात भरती होऊन न्यू ब्रिटन बेटावर गेले असता हवाई हल्ल्यात त्यांनी डावा हात गमावला, आणि उरलेल्या हाताने त्यांनी २०१५ मध्ये निधन होईपर्यंत काम केले. ‘गेगेगे नो कितारो’ या त्यांच्या मालिकेच्या एकाहून अधिक पिढ्यांसाठी नव्या आवृत्त्या निघाल्या, तर त्या वृद्ध बाईवर रचलेल्या ‘नोन्नोनबा’ला २००७ मध्ये फ्रान्समधील आंग्युलेम महोत्सवात सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा सन्मान मिळाला.

साकाइमिनातो स्थानकासमोरून सुमारे ८०० मीटर जाणारा मिझुकी शिगेरू मार्ग १९९३ मध्ये २३ कांस्यमूर्तींनी सुरू झाला. आज तेथे १७७ मूर्ती आहेत. त्यांतील काही तळहातावर मावतील एवढ्या आहेत, आणि त्यांचे हे लहानपणच त्यांचे बळ आहे, कारण त्या शोधत चालावे लागते. पुण्यातील चाहत्याला कितारो फारसा परिचित नसतो, आणि एवढ्या दूर कशाला जायचे, असा आक्षेप गटात निश्चित निघेल. तो निघाल्यास कोकणात आजोळ असलेल्यांना पुढे करावे. रात्री वाटसरूपुढे अदृश्य भिंत होऊन उभा राहणारा नुरिकाबे पाहिल्यावर त्यांना रानात वाट चुकवणारा चकवा आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि मग देवचार, गिऱ्हा, झोटिंग, पिंपळावरचा मुंजा असे सारे एकेक करून बाहेर येतील. फरक एवढाच की आपल्या भुतांना अद्याप मिझुकी मिळालेला नाही. या मार्गावर सायंकाळनंतर थांबावे. दिव्यांतून जमिनीवर योकाइंच्या सावल्या टाकल्या जातात.

दुसऱ्या दिवशीचे युरा हे स्थानक मात्र कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. ‘डिटेक्टिव्ह कोनान’चे निर्माते आओयामा गोशो यांचा जन्म १९६३ मध्ये याच परिसरात झाला, १९९४ पासून चालू असलेल्या या मंगाचा शंभरावा खंड ऑक्टोबर २०२१ मध्ये निघाला आहे. सध्याच्या होकुएई गावातील युरा स्थानकाला कोनान स्थानक असे टोपणनाव असून तेथून आओयामांच्या संग्रहालयापर्यंतचा दीड किलोमीटरच्या आतला रस्ता कोनानच्या मूर्तींनी भरलेला आहे. २००७ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात आत काय आहे हे सांगून शोधाची मजा घालवणे योग्य नाही. फक्त येथील गाड्या विरळ आहेत हे ध्यानात ठेवावे. परतीची वेळ न पाहता संग्रहालयात शिरलेल्या गटाला फलाटावर बराच काळ बसावे लागते.

युराहून ओकायामाला परत येण्याचे कारण नाही. जवळच्या कुरायोशीहून ‘सुपर हाकुतो’ ही गाडी थेट ओसाका आणि क्योटोकडे जाते, त्यामुळे ओकायामा, योनागो, युरा, ओसाका असा वळसा तीन दिवसांत पुरा होतो. हा मार्ग मध्ये चिझु एक्स्प्रेस या निराळ्या कंपनीच्या रुळांवरून जातो आणि तेवढ्या अंतराचे भाडे जपान रेल्वे पासधारकांनाही वेगळे द्यावे लागते. मोठ्या बॅगा या वळशात सोबत घेऊ नयेत. ताक्युबिन, म्हणजे घरपोच सामान पाठवण्याची सेवा, वापरून त्या टोकियोच्या हॉटेलमधून थेट ओसाकाच्या हॉटेलात पाठवाव्यात आणि पाठीवरच्या पिशवीवर तीन दिवस काढावेत. ज्या आईवडिलांना भुतांत रस नाही त्यांनी ओकायामातच दोन रात्री राहून रेल्वेने पाव तासावर असलेल्या कुराशिकीच्या कालव्याकाठचा जुना भाग आणि तेथील १९३० चे ओहारा कलासंग्रहालय पाहावे, आणि तिसऱ्या दिवशी ओसाकात गटाला मिळावे. जिब्ली संग्रहालयाप्रमाणे येथे महिन्याच्या दहा तारखेला सकाळी साडेसहाला उठून तिकिटांसाठी झगडावे लागत नाही, ही या साऱ्या टापूची आणखी एक सोय.

तारखांविषयी एक सूचना आताच करणे भाग आहे, कारण पुण्यातील गटांचे बेत नेमके याच ठिकाणी मोडतात. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा, जुलै आणि डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी होते, आणि गटातील निम्मे सदस्य कोणत्या ना कोणत्या पातळीला बसलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीतील सहल डिसेंबरपर्यंत लांबवण्याचा प्रस्ताव आला तर आधी प्रवेशपत्रे पाहावीत. शाकाहाराचा भाग पुढील आठवड्यात येईल. त्यात बोनितो माशाच्या रश्श्याचा, म्हणजे दाशीचा, प्रश्न सविस्तर असेल. साकाइमिनातो हे मासेमारीचे मोठे बंदर असल्याने तेथे जाणाऱ्या शाकाहारी गटाने तोवर पुण्यातूनच दोन वेळचे थेपले आणि मेतकूट यांची व्यवस्था गृहीत धरावी.