टायरवरचे चार आकडे

निळ्या पुठ्ठ्याची एक वही बरीच वर्षं माझ्या टेबलाच्या खणात आहे. गाडीपायी झालेला प्रत्येक खर्च तीत लिहिलेला आहे. डिझेल, सर्व्हिसिंग, विमा, टोल, फार काय, वाटेत पंक्चर काढणाऱ्या पोराला चहासाठी दिलेले दहा रुपयेसुद्धा. घरातली मंडळी या वहीची मनसोक्त थट्टा करतात आणि गरज पडली की तिच्यातच डोकं घालतात. बँकेची नोकरी संपली तरी खतावणीची खोड जात नाही. त्या वहीतलं एक पान मात्र साफ चुकलेलं निघालं. बेरीज बरोबर, हिशेब चूक. पान टायरचं आहे.

या पानाचं मूळ फार जुनं. १९८९-९० च्या सुमारास मी कराडकडच्या एका शाखेत कर्ज विभाग सांभाळत होतो. उसाच्या आणि खताच्या वाहतुकीसाठी ट्रक घेणारे पुष्कळ कर्जदार होते. त्यातल्या एका जुन्या ट्रकमालकाचा खर्चाचा अंदाज तपासताना मी म्हटलं, "टायरची रक्कम जरा जास्त दाखवलीत." तो हसला. म्हणाला, "साहेब, टायरची किंमत इचारू नका. किलोमीटरला किती पडतो त्ये इचारा." आणि त्यानं माझ्यासमोर सिगारेटच्या पाकिटावर तो हिशेब मांडून दाखवला. महागडा टायर कसा स्वस्त पडतो हे मला तेव्हा कळलं. मी थक्क झालो. जाता जाता तो आणखी एक वाक्य बोलला होता, "आन् उभी गाडी बी टायर खाती बरं का." ते मला गंमतीचं वाटलं. पहिलं वाक्य मी आयुष्यभरासाठी उचललं, दुसरं तिथंच टेबलावर राहिलं.

आमची गाडी इनोव्हा, २०१२ सालची. मुलगा-सून, नातवंडं, कधी मेहुणी, कधी व्याही अशी सगळी एका गाडीत मावावीत म्हणून घेतलेली. २०१७ च्या मे महिन्यात तिचे चार टायर बदलायची वेळ आली. दुकानदारानं दोन प्रकार पुढे ठेवले. एक ५,६०० रुपयांचा, साधारण पंचेचाळीस हजार किलोमीटर चालेल असा. दुसरा ६,२०० चा, "काका, सत्तर हजार तर डोळे झाकून." मी वही उघडली. पहिला किलोमीटरला सुमारे साडेबारा पैसे, दुसरा सुमारे नऊ पैसे. मुलगा म्हणत होता की पहिल्याची ओल्या रस्त्यावरची पकड चांगली आहे असं लोक सांगतात. मी त्याला साडेबारा आणि नऊ हे आकडे दाखवले. आकड्यांपुढे तो गप्प बसला. आमच्या घरात तो नेहमीच बसतो.

यात मी काय विसरलो? माझी गाडी वर्षाला चालते जेमतेम सहा हजार किलोमीटर. सत्तर हजार व्हायला मला जवळजवळ बारा वर्षं लागणार. बारा वर्षं टायर टिकतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

टायर म्हणजे रबर, आणि रबर म्हातारं होतं. हवेतला प्राणवायू आणि ओझोन, ऊन, उष्णता ही मंडळी ते हळूहळू कडक करत जातात. हे लांबावं म्हणून कारखान्यात रबरात काही द्रव्यं आणि मेण मिसळलेलं असतं. गंमत अशी की टायर फिरत असला, दबत-उसळत असला की हे मेण आतून पृष्ठभागावर येत राहतं आणि त्याचं रक्षण करतं. गाडी महिनोन् महिने एकाच जागी उभी राहिली की ते येत नाही. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडायला लागतात. ट्रकमालकाचं दुसरं वाक्य ते हेच. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तर आमची गाडी सोसायटीच्या आवारात बहुतेक उभीच होती. ऊन एका बाजूनं, पाऊस दुसऱ्या बाजूनं. मी मात्र वहीत आनंदानं लिहीत होतो, "टायरझीज : नगण्य."

२०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला बसणार होते. आदल्या दिवशी आम्ही पुण्याहून गुहागरला निघालो. उंब्रजहून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. गाडीत आम्ही सात जण, टपावर सामान, मागं नारळ, पूजेचं साहित्य आणि साखरेचं पोतं. घाटात पाऊस होता, पण फार नाही. वेग तीसच्या आसपास. एका वळणावर खालून एसटी येताना दिसली, मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती सरळ, शांतपणे, एखादं कपाट फरशीवरून सरकवावं तशी दरीकडच्या कठड्याकडे सरकत गेली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. एसटीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून बघितलं आणि तो निघून गेला. मागच्या सीटवर नातवंडांचं गाणं चालू होतं, ते चालूच राहिलं. चिपळूण येईपर्यंत मोठ्यांपैकी कुणी बोललं नाही.

सगळा दोष टायरचा, असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर तेल असेल, ब्रेक मी जरा जोरात दाबला असेल, पासष्टीच्या जवळ आलेल्या माणसाचा पाय पंचविशीतला राहत नाही. पण चिपळूणला एका टायरच्या दुकानासमोर गाडी उभी केली, तेव्हा तिथल्या माणसानं आधी नक्षीकडे बघितलंच नाही. मी आपणहून सांगायला लागलो, "नक्षी अजून चार मिलिमीटर आहे, चव्वेचाळीस हजारच झालेत." तो म्हणाला, "काका, नख लावून बघा." मी नख दाबलं. पाट्यावर दाबावं तसं. मग त्यानं शेजारच्या नव्या टायरला नख लावायला सांगितलं. ते किंचित रुतलं.

त्यानंतर त्यानं ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसली आणि एका लंबगोलातले चार आकडे दाखवले : ०९१७. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१७ चा नववा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी संपता संपता हा टायर कारखान्यात तयार झाला. दुकानदारानं मला मे महिन्यात दिला होता तो ताजाच होता, त्याची काही चूक नाही. आयुष्यभर मुदत ठेवींच्या पावत्यांवर तारखा घालणारा मी, आणि साडेसात वर्षं ही तारीख माझ्या दारात उभी होती, मी कधी वाकून बघितली नाही.

"आणि स्टेपनी?" त्यानं विचारलं. स्टेपनी अगदी नवी आहे, मी म्हणालो, एकदाही लावलेली नाही. त्यानं गाडीखालून ती उतरवली. नक्षी खरोखरच कोरी होती, काही रबरी केस तर अजून शाबूत. आकडे होते ०७१२. गाडीबरोबर आलेली, बारा वर्षांची. अडचणीच्या वेळी आपण घरातल्या माणसांना हिच्यावर बसवून नेणार होतो.

टायर बनवणाऱ्या कित्येक कंपन्या सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या, आणि कसाही दिसत असला तरी दहा वर्षांनंतर वापरू नका. काही मोटार कंपन्या सहाच वर्षं सांगतात. आपल्याकडच्या उन्हात मला सहाचा आकडा बरोबर वाटतो. मग माझं २०१७ चं पान पुन्हा मांडून बघितलं. सहा वर्षांत छत्तीस हजार किलोमीटर. महागडा 'टिकाऊ' टायर मला किलोमीटरला सव्वासतरा पैशांना पडला असता, साधा साडेपंधरा पैशांना. म्हणजे पकड गमावली ती गमावली, वर पैसेही जास्त मोजले.

याचा अर्थ टिकाऊ टायर वाईट, असा मुळीच नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हल्सवाल्याची अशीच इनोव्हा वर्षाला साठ हजार किलोमीटर पळते. त्याचा सत्तर हजारांचा टायर सव्वा वर्षात संपतो, म्हातारा व्हायला त्याला सवडच मिळत नाही. त्यानं तोच घ्यावा. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी एकच आकडा खिशात असावा, आपली गाडी वर्षाला किती चालते. त्याला सहानं गुणा. त्याहून फार जास्त टिकणाऱ्या टायरसाठी जादा पैसे मोजणं व्यर्थ आहे.

कारण टिकाऊपणा फुकट मिळत नाही. झीज कमी, ओल्यात पकड चांगली आणि डिझेलची बचत, या तिन्ही गोष्टी एकाच टायरमध्ये पुरेपूर बसवणं फार कठीण. एकीकडे ओढलं की दुसरीकडे थोडं सुटतं. काही टायरवर अमेरिकन पद्धतीचे गुण छापलेले असतात. 'ट्रेडवेअर' या शब्दापुढचा आकडा जितका मोठा, तितकी झीज कमी. ४०० चा टायर २०० च्या दुप्पट चालावा अशी कल्पना, पण हा गुण कंपनी आपल्याच मालाला आपणच देते, हे ध्यानात ठेवावं. त्याच्याच शेजारी 'ट्रॅक्शन' लिहून एए, ए, बी किंवा सी असं अक्षर असतं. ते ओल्या रस्त्यावर थांबण्याचं. माझ्यासारखे हिशेबी लोक पहिला आकडा वाचतात आणि अक्षर सोडून देतात.

जड गाडीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. माझ्या टायरवर लिहिलेलं असतं २०५/६५ आर १५ ९४ एस. रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ इंचांची रिम. एस हे वेगाचं अक्षर, ताशी १८० किलोमीटरपर्यंत. मधला ९४ मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. तो वजनाचा आकडा. ९४ म्हणजे एका टायरनं जास्तीत जास्त ६७० किलो पेलायचं. ९१ असेल तर ६१५ किलो. आता बघा, गाडी साडेसोळाशे किलोच्या आसपास, सात माणसं, सामान, मिळून जवळपास बावीस क्विंटल. चार टायरांवर साडेपाचशे किलो प्रत्येकी, पण ते सारखं वाटलं जात नाही, मागच्या दोघांवर जास्त येतं. म्हणून गाडीबरोबर आलेल्या टायरपेक्षा हा आकडा कमी असलेला टायर कुणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नये.

हे बावीस क्विंटल रस्त्याला टेकतात ते केवढ्या जागेवर? टायरमधली हवा दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोंच्या थोडं वर दाब देते. साडेपाचशेला त्यानं भागलं की एका टायरखाली येते साधारण दोन पोस्टकार्डांएवढी जागा. कुंभार्लीच्या त्या वळणावर आमचं सगळं घरदार आठ पोस्टकार्डांवर उभं होतं.

हवेबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणीच तपासत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर दाबाचे आकडे चिकटवलेले असतात, भरलेल्या गाडीचे बहुधा वेगळे. टायर थंड असताना तपासावं. हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असली की मधला पट्टा, आणि एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय. कमी हवेचा खरा धोका झिजेचा नाही, तापण्याचा. भिंत सतत दुमडते, तापते, आणि भरलेली गाडी, मे महिना, काँक्रीटचा रस्ता असा योग जुळून आला की फुटते. २०२३ साली समृद्धी महामार्गावर गाड्यांचे टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली, ती उगाच नाही. पण गोटा झालेला टायर लांबूनही दिसतो. माझे टायर त्या तपासणीतून बहुधा ऐटीत पार झाले असते. नायट्रोजन भरावा का, असं मला पुष्कळ जण विचारतात. भरा बापडे. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

चिपळूणला त्या संध्याकाळी मी पाच टायर घेतले. मधल्या टिकाऊपणाचे, ओल्या रस्त्याला चांगले, ट्रॅक्शनच्या जागी ए. पाचही टायरांवरचे चार आकडे बिलावर लिहून मागितले तेव्हा दुकानदार हसला, पण त्यानं लिहिले. आता दर दहा हजार किलोमीटरला पाची टायर जागा बदलतात, स्टेपनीसकट. तिला एकटीला गाडीखाली म्हातारी होऊ द्यायची नाही असं सौ.नं बजावलंय. मुलगा त्या दिवसाबद्दल मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

नात मात्र ते आकडे वाचायला शिकली. हल्ली रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात ती एकेका गाडीशी उकिडवी बसते आणि मोठ्यानं ओरडते, "आजोबा, या काकांचा २०१४ चा आहे!" दोन मजले वर कुणाची तरी खिडकी उघडते. काका खाली येतात. तिला बाजूला सारून, चष्मा पुसून, स्वतः वाकून बघतात.