वेग राखणारें यंत्र कां रुसतें?

लांबच्या सरळ रस्त्यानें तासन्‌तास एकाच वेगानें मोटार हांकतांना चालकाचा उजवा पाय अवघडून जातो. त्या पायाला विसांवा देणारें यंत्र म्हणजे क्रूझ कंट्रोल. बालपणींच अपघातानें दृष्टि गमावलेल्या रॅल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्यानें तें योजिलें. १९५० सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें आणि १९५८ च्या नमुन्याच्या क्रायस्लर मोटारींत तें दिसूं लागलें.

पुढील कित्येक वर्षांच्या पेट्रोल मोटारींत हें यंत्र हवेच्या ओढीवर चाले. अशा जुन्या मोटारी अद्यापि वापरांत आहेत. इंजिन हवा शोषून घेतें, तेव्हां त्याच्या तोंडाशीं दाब कमी होतो. ती ओढ रबरी नळीनें एका डबींत आणलेली असते. डबींतला पडदा ओढला गेला, कीं त्याला जोडलेली तार थ्रॉटलची झडप उघडी धरते. ब्रेक दाबतांच एक कळ विजेचा प्रवाह तोडते, आणि पुष्कळ मोटारींत दुसरी झडप डबींत बाहेरची हवा सोडून पडदा सैल करते.

म्हणजे हें यंत्र स्वभावतःच संशयी आहे. ब्रेक दाबला आहे अशी नुसती शंका आली, तरी तें काम नाकारतें. म्हणून तें मुळींच चालू होत नसेल, तर महागडी विद्युत्पेटी बदलण्यापूर्वीं फ्यूज पाहावा. मग कोणाला तरी मागें उभें करून ब्रेकचे दिवे पाहावे. पाय काढल्यावरहि ते जळत राहिले, तर दोष कळीचा. ते लागतच नसले, तरीहि तेथेंच शोध घ्यावा. कारण कांहीं मोटारींत या यंत्राचा विद्युन्मार्ग त्या दिव्यांतूनच जातो, आणि एका क्षुल्लक दिव्यापायीं सारें यंत्र अडून बसतें. क्लचच्या पेडलालाहि अशीच कळ असते. वेगदर्शक कांटा निश्चल असेल, तर वेगाची वर्दीच पोंचत नाहीं असें समजावें.

यंत्र चालू होऊन वेग हळूहळू ढळत असेल, तर इंजिनाच्या उष्णतेनें ताठरलेल्या व चिरलेल्या नळ्या तपासाव्या. नळी काढून डबीची हवा हातपंपानें ओढावी; ओढ टिकली नाहीं तर पडदा फाटला आहे. मात्र चढणीवर थोडा वेग उतरणें हा दोष नव्हे. झडप अधिक उघडली, कीं हवेची ओढच क्षीण होते.

याहून निराळा आणि गंभीर दोष म्हणजे ब्रेक दाबूनहि यंत्र न सुटणें. अशा वेळीं ब्रेक जोरानें दाबून धरावा, गिअर न्यूट्रलमध्यें घ्यावा आणि मोटार कडेला थांबवावी. चालत्या मोटारींतून किल्ली काढूं नये. सुकाणूचें चाक अडकण्याचा संभव असतो. दुरुस्ती होईपर्यंत यंत्र बंदच ठेवावें.

यंत्रानें वेग धरला नाहीं, तर पाय थोडा दुखेल इतकेंच. धरलेला वेग सोडला नाहीं, तर जिवाशीं गांठ आहे. म्हणून दुरुस्तीनंतर मोकळ्या रस्त्यावर पहिली परीक्षा घ्यावयाची ती यंत्र वेग धरतें कीं नाहीं याची नव्हे, ब्रेकला पाय लागतांच तें सोडतें कीं नाहीं याची.